पन्नास वॉशरांचा चोर

१

"साहेब, माझा खून होणार होता," घड्याळजी म्हणाले, तेव्हा मी गाडीतून दुसरा पायही बाहेर काढला नव्हता.

माझा उजवा गुडघा उतरताना नेहमी अडतो. त्यामुळे खुनाची ही बातमी मी एक पाय आत आणि एक पाय बाहेर अशा अवस्थेत ऐकली. त्या महिन्यातलं हे माझं सहावं विमान. लोकांनी घरी बांधलेली विमानं तपासायची आणि उडवण्याजोगी असली तर कागदावर सही करायची, हे माझं काम. बत्तीस वर्षं करतोय. सुरुवातीला मला अशा माणसांचं फार कौतुक वाटायचं. आता नुसता थकवा येतो, कारण ज्याला त्याला वाटतं की त्याच्या विमानात चूक असूच शकत नाही.

"होणार होता म्हणजे झालेला नाही," मी म्हणालो. "आधी पाणी द्या."

पाणी आलं नाही. घड्याळजी मला ओढतच घरामागच्या शेडकडे घेऊन गेले. वय अडुसष्ट, पोट सुटलेलं, गळ्यात दोरीला बांधलेलं घड्याळ दुरुस्तीचं भिंग. घड्याळांचं दुकान बंद झाल्यावर त्यांनी हे दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. वाटेत अंगणात एक अर्धवट पवनचक्की गंजत उभी होती आणि तिच्या पायाशी एक अर्धवट होडी पालथी पडली होती. 

विमान मात्र पूर्ण होतं. पांढरंशुभ्र, पुसून पुसून चकचकीत केलेलं. घड्याळजींनी उजव्या पंखाच्या मुळाशी बोट नेलं, तिथला एक बोल्ट चिमटीत धरला आणि हलवला. बोल्ट हलला. नुसता हलला नाही, नटासकट गोल फिरला.

पंख विमानाला ज्या बोल्टांनी धरलेला असतो त्यातला हा एक. असा बोल्ट चिमटीत फिरायला लागला की माझी झोप उडते, आणि त्या दिवशीही उडाली.

"बारा बोल्ट मी स्वतः आवळलेत," घड्याळजी म्हणाले. "पुरेसा जोर लागला की कटक वाजणारा पाना आहे माझ्याकडे. बारा वेळा कटक झालं. मी चाळीस वर्षं टिकटिक ऐकून घड्याळाचा आजार सांगितलाय साहेब, माझा कान चुकायचा नाही. आणि आज सकाळी पुसताना हा हलला. कुणीतरी मुद्दाम सैल केलाय."

"कुणी?"

"जावयानं." त्यांनी घराकडे हात केला. पायरीवर एक सडपातळ माणूस शेजारी बॅग ठेवून बसला होता. आत दारात त्यांची मुलगी उभी होती आणि तिच्याही हातात बॅग होती. "तुम्ही फक्त अहवालात लिहा, बोल्ट मुद्दाम सैल केले. तो कागद घेऊन मी पोलिसात जातो. हा माणूस माझ्या घरात नको. मुलीला जायचं तर तिनंही जावं."

एका वाक्यात मुलगी आणि जावई दोघं चालले होते, आणि ते माझ्या सहीवर ठरणार होतं. मला त्या क्षणी घरी जाऊन पडावंसं वाटलं.

पण मी उरलेले अकरा बोल्ट हलवून पाहिले. बाराच्या बारा फिरले.

२

घड्याळजींनी प्रत्येक नटावर नारिंगी रंगाची एक बारीक रेघ ओढली होती. नटावरून निघून बोल्टच्या टोकावर गेलेली. ही चांगली पद्धत आहे. नट बोल्टवर जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबूनही दिसते.

"भिंग द्या," मी म्हणालो.

त्यांनी गळ्यातलं काढून दिलं. मी बाराही रेघा पाहिल्या. एकीलाही तडा नव्हता. रंग एकाच हाताचा, एकाच थराचा, आणि वर शेडमधली बारीक धूळ चिकटलेली. पुसून पुन्हा रंगवल्याची खूण कुठेच नव्हती.

"घड्याळजी, या नटांना कुणी हात लावलेला नाही."

"मग बारा बोल्ट आपोआप सैल झाले? देवाची करणी?"

"आणि नारळात पाणी," मी म्हणालो आणि पायरीकडे गेलो.

जावई दाताचे डॉक्टर होते. नखं स्वच्छ, आवाज हळू. रागावलेला माणूस कसा दिसतो ते मला माहीत आहे. हा नुसता अपमान गिळून बसलेला माणूस होता.

"हे विमान उडू नये असं तुम्ही म्हणाला होतात?"

"जेवताना, सगळ्यांसमोर म्हणालो. आजही म्हणतो. पण का ते बाबांनी विचारलं नाही. ही हट्ट धरून बसली आहे की बाबांच्या शेजारी पहिली मी बसणार." त्यांनी मागे दाराकडे मान वळवली. "पंखाचे बोल्ट सैल करून मी माझ्याच बायकोला त्यात बसवीन का?"

"बोल्ट लावताना आत कोण होतं?"

कारण हे काम एकट्याचं नसतं. एकजण बाहेरून नट आवळतो आणि दुसरा विमानाच्या पोटात शिरून बोल्टचं डोकं पान्यानं धरून ठेवतो.

"मीच होतो. बाराही डोकी मी धरली. बाहेर कटक वाजलं की पुढचा बोल्ट. एकदा मी म्हणालो, बाबा, वाजलं खरं, पण हा माझ्या हातात फिरतोय."

"मग?"

"म्हणाले, जावईबापू, तुम्ही दात बघा."

मला हसू आलं, त्यांना आलं नाही.

"आणि आम्ही पंख लावतोय हे आईंना कळता कामा नये, अशी अट होती," ते म्हणाले. "त्यांच्याशिवाय काम होतं हे बाबांना दाखवायचं होतं. त्याआधी सगळी वर्षं आत आईच शिरायच्या. शेपटीपासून मधल्या सांगाड्यापर्यंत प्रत्येक बोल्ट त्यांनी धरलेला आहे. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी शेडमध्ये पाऊल टाकायचं बंद केलं."

"कशावरून?"

"चोरीवरून," जावई म्हणाले. "वॉशरांच्या."

३

शेडच्या दाराजवळ खिळ्याला एक निळा एप्रन लटकत होता. त्याच्यावर तीन महिन्यांची धूळ होती.

"बायकोचाच," घड्याळजी म्हणाले. "सांगायला लाज वाटते. पण विचारलंत म्हणून सांगतो. मी वॉशर वापरतो ते प्रत्येक बोल्टाला एक, फक्त नटाखाली. ड्रॉइंगमध्ये तसंच आहे. जास्तीचा वॉशर म्हणजे जास्तीचं वजन. मी या विमानाचा खिळा न् खिळा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललाय. तर शंभर वॉशरांचा डबा आणला होता. पन्नासावा बोल्ट लावला आणि डबा रिकामा! पन्नास वॉशर गेले कुठे? वर्षानुवर्षं मला वाटायचं धाकटा भाऊ नेतो गॅरेजला. त्याच्याकडून शेडची किल्ली काढून घेतली मी. आणि त्या शेवटच्या दिवशी हिला डब्यातला वॉशर एप्रनच्या खिशात टाकताना मी पाहिलं."

"काय म्हणाल्या वहिनी?"

"म्हणाली पडद्यांना लावते. खालच्या काठात शिवले की पडदा उडत नाही. मी विमान बांधतोय आणि ही पडदे! जरा मोठ्यानं बोललो असेन. धाकट्यासमोर बोललो, तेही चुकलं असेल. तिनं एप्रन खिळ्याला अडकवला आणि गेली ती गेली."

"नंतर वॉशर गेले?"

"नवा डबा आणला. शंभरातले बारा लागले, अठ्ठ्याऐंशी शिल्लक. मोजून घ्या."

मी मोजले नाहीत. वॉशर मोजण्याच्या बाबतीत या माणसावर माझा पूर्ण विश्वास होता.

धाकटे भाऊ तेवढ्यात आलेच. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं गॅरेज. हात पुसत पुसत आले, पण हात काही पुसले गेले नाहीत.

"माझ्यावर पण संशय असेल," ते म्हणाले. "दादाचा असतोच. विमान मला चालवू दे म्हणालो होतो, तेव्हापासून मी डोळ्यांत खुपतो. किल्ली काढून घेतली, आता मी काय भिंतीतून येणार?"

"कटक वाजणारा पाना तुम्ही दिलेला?"

"हो. तपासून घ्या."

पान्याच्या दांड्याला वजन लावून मी तपासला. बरोबर त्याच जोराला वाजत होता. म्हणजे घड्याळजींचा कान चुकला नव्हता आणि पानाही खोटं बोलत नव्हता.

जाता जाता धाकटे भाऊ म्हणाले, "एक गोष्ट सांगतो. तुम्हाला उपयोग होईल का माहीत नाही. वहिनी शेडमधून रुसून गेली ना, त्या दिवशी तिनं मला बजावलं होतं. म्हणाली, पंख लावायच्या दिवशी आत तुम्हीच बसा भावजी, दुसऱ्या कुणाला बसू देऊ नका. दादानं मला बोलावलंच नाही."

"तुम्हीच का?"

"मी गॅरेजवाला. हातात सैल बोल्ट आला तर मी सोडणार नाही, एवढंच म्हणाली. त्याचा अर्थ मला तेव्हाही लागला नाही."

मला मात्र जरासा लागायला लागला होता. मी घड्याळजींना सांगितलं, पहिला सैल बोल्ट काढा.

जावयांना आत बसवलं, त्यांनी डोकं धरलं. घड्याळजींनी नटाला पाना लावला आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. नट निघेना. त्यांनी दोन्ही हात लावले. नटानं कुरकुर केली आणि मग सुटला.

"अहो, हा तर गच्च होता!" घड्याळजी म्हणाले.

"नट गच्चच होता," मी म्हणालो. "सैल होता तो बोल्ट."

४

बोल्ट हातात घेऊन मी बाकावर बसलो. सगळे भोवती उभे राहिले, शिकवणीला जमल्यासारखे.

"याला इकडे डोकं. मग ही गुळगुळीत दांडी. आणि शेवटी आटे, ज्यांच्यावर नट फिरतो. जोडायच्या दोन पट्ट्या मिळून जेवढ्या जाड, तेवढीच ही दांडी लांब हवी. ही जास्त लांब आहे. त्यामुळे नट आट्यांवरून फिरत फिरत आला आणि पट्टीला दाबण्याआधीच आटे संपले. तो दांडीवर जाऊन रुतला. तिथे जोर लागला, पाना वाजला. बाटलीवर टोपण गच्च बसलंय असं वाटावं, पण ते आट्यांवर अडकलेलं असावं, तसं. आत पट्ट्या मोकळ्याच."

"म्हणजे कुणीच सैल केले नाहीत?" मुलगी म्हणाली. ती कधी आत आली ते मला कळलं नव्हतं.

"हे कधी घट्टच नव्हते."

जावयांनी डोळे मिटले. घड्याळजी मात्र तापले.

"दांडी लांब कशी असेल? बोल्ट ड्रॉइंगप्रमाणे मागवलेत. एकाच वेळी, सगळे एकाच मापाचे."

"ड्रॉइंगमध्ये दोन पट्ट्यांच्या मध्ये एक पातळ पत्रा आहे. तो कुठे आहे?"

त्यांनी पट्टीवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "तो मी दुसऱ्या वर्षी गाळला. सगळीकडचा. एकशे ऐंशी ग्रॅम वाचले."

नाकापेक्षा मोती जड नको म्हणून या माणसानं मोती किसला होता. पण बोल्ट जुन्याच मापाचे मागवून झाले होते.

"पण साहेब," त्यांनी मुठी आवळल्या, "पत्रा मी सगळीकडचा गाळला. शेपटीला तेच बोल्ट, त्याच जाडीच्या पट्ट्या, नटाखाली एकच वॉशर. तुमचं म्हणणं खरं असेल तर ते पन्नासही सैल हवेत. जा, हलवून बघा!"

मी गेलो. शेपटीचा पहिला नट धरला. हलला नाही. दुसरा नाही. मधल्या सांगाड्यापर्यंत एकेक करत आलो. पन्नासच्या पन्नास खडकासारखे.

तेच बोल्ट, तीच जाडी, तोच पाना, तोच माणूस. माझं सगळं गणित घड्याळजींनी एका वाक्यात मोडलं होतं, आणि त्यांच्या तोंडावर पुन्हा जावयाचं नाव येत होतं.

"विचार करायला मला चहा लागेल," मी म्हणालो आणि घरात गेलो.

५

स्वयंपाकघरात त्या एकट्याच होत्या. बारीक चणीच्या, पासष्टीच्या. माझ्यासमोर कप ठेवला आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. बाहेर एवढा गोंधळ चालू असताना त्यांनी एकदाही काय झालं म्हणून विचारलं नाही. माझ्यासारखाच थकवा त्यांच्या तोंडावर होता, फक्त माझ्यापेक्षा जुना.

"पोर चालली का?" त्यांनी विचारलं.

"माझ्या कागदावर अवलंबून आहे."

"आपलेच दात, आपलेच ओठ," त्या म्हणाल्या. "कुणाची बाजू घेऊ?"

खिडकी उघडी होती. वाऱ्यानं पडदा उडाला आणि त्याचं टोक माझ्या कपात बुडालं. मी ते बाहेर काढलं, पिळलं. परत उडाला. या वेळी माझ्या तोंडावर आला. मी त्याचा काठ हातात धरला आणि बोटांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला. मग उठून दुसऱ्या खिडकीचा चाचपला.

कापड होतं. फक्त कापड.

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं.

मग मला ते पन्नास वॉशर आठवले. शंभरांचा डबा, आणि बरोब्बर पन्नासाव्या बोल्टाला रिकामा. घड्याळजींनी एक लावला की चोरानं एक न्यायचा. कमी नाही, जास्त नाही. इतका शिस्तीचा चोर मी बत्तीस वर्षांत पाहिला नव्हता. आणि वहिनी शेडमधून गेल्या त्या दिवसापासून चोरी बंद.

"वहिनी, चहा झाकून ठेवा," मी म्हणालो. "मी शेपटीत जाऊन येतो."

"गुडघे सांभाळा," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या कमानीपाशी वाकावं लागतं."

विमानाच्या पोटात शिरणं मी नेहमी शेवटासाठी ठेवतो, कारण त्यानंतर दोन दिवस मला जिना चढता येत नाही. घड्याळजींचं पोट तर त्या भोकातून जाणंच शक्य नव्हतं. अकरा वर्षांत ते एकदाही आत गेले नव्हते. मी तोंडात बॅटरी धरून सरपटत गेलो, तिसऱ्या कमानीपाशी वाकलो, आणि पहिल्या बोल्टच्या डोक्यावर उजेड टाकला.

डोक्याखाली एक वॉशर होता.

दुसऱ्याखाली होता, तिसऱ्याखालीही. ड्रॉइंगमध्ये नसलेला, बाहेरून कधीच न दिसणारा. जेवढी दांडी लांब होती तेवढी जागा त्यानं भरून काढली होती. पन्नास डोकी, पन्नास वॉशर. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसा मी इतका वेळ विमानाबाहेर चोर शोधत होतो. मी त्या अंधारात पालथा पडून थोडा वेळ तसाच राहिलो. गुडघा ठणकत होता. पण खरं सांगायचं तर मला रडू येईल की काय असं वाटलं होतं.

६

मी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. वहिनी दारापर्यंत आल्या, उंबरठ्याबाहेरच थांबल्या.

मी सांगितलं. घड्याळजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खोटं आहे."

"स्वतः बघा."

"मी आत मावत नाही."

मग जावई उठले, पायरीवरची आपली बॅग उघडली आणि एक लांब दांड्याचा छोटा गोल आरसा घेऊन आले. तोंडात घालून मागची दाढ बघतात तो.

शेपटीजवळ हात घालण्यापुरतं एक तपासणीचं भोक होतं. घड्याळजींनी आरसा आत घातला, मी बॅटरी धरली, आणि त्यांनी भोकाला डोळा लावला. चाळीस वर्षं लोकांच्या घड्याळांत डोकावलेला माणूस. फार वेळ लागला नाही. पण ते आरसा पुढच्या डोक्याकडे, मग त्याच्याही पुढच्या डोक्याकडे सरकवत राहिले.

"कधीपासून?" त्यांनी मागे न वळता विचारलं.

"पहिल्या बोल्टापासून," वहिनी दारातून म्हणाल्या. "तुमचं कटक वाजलं आणि बोल्ट माझ्या हातात फिरला. मी म्हणाले, पुन्हा करा, माझा पाना घसरला. तुम्ही सोडलात, मी एक वॉशर सरकवला, तुम्ही आवळलात. मग फिरला नाही. पुढच्या वेळी मी आधीच घालून ठेवायला लागले."

"मला सांगितलं का नाहीस?"

"पत्रा गाळलात तेव्हा म्हणाले होते, आता बोल्ट लांब नाही का व्हायचे? तुम्ही नऊ दिवस शेडला कुलूप लावलंत."

घड्याळजींनी आरसा भोकातून बाहेर काढला.

"पवनचक्कीला मी चूक दाखवली, ती अंगणात उभी आहे. होडीला दाखवली, ती पालथी आहे. तुम्हाला चूक दाखवली की तुम्ही चूक दुरुस्त करत नाही, कामच टाकता. दुकान बंद झालं तेव्हा सहा महिने भिंतीकडे बघत बसला होतात. तो माणूस परत नको होता मला. त्यापेक्षा एक वॉशर सोपा वाटला." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पडद्यांचं खोटं बोलले. चोर म्हणालात, म्हणू दिलं. झाकली मूठ म्हणून ठेवली. पण पंख लावताना भावजींना बोलवाल असं वाटलं होतं मला. जावईबापूंना बसवलंत हे आज सकाळी कळलं."

"मग सकाळीच का नाही बोललीस? मी जावयाला काय काय बोललो!"

"माझं ऐकलं असतंत? साहेब येणार होते. म्हटलं, शिक्का असलेल्या माणसाच्या तोंडून येऊ दे." मग त्या जावयांकडे वळल्या. "तुमचा मात्र मी गुन्हा केला. सकाळपासूनचे चार तास. ते मला माफ होणार नाहीत."

जावई म्हणाले, "आई, तुमच्या चार तासांना मी काही म्हणत नाही."

घड्याळजींनी आरसा रुमालानं पुसला. दोन्ही बाजूंनी पुसला, उजेडात धरून बघितला, पुन्हा पुसला. मग जावयांसमोर जाऊन उभे राहिले.

"तुम्ही म्हणाला होतात, फिरतोय."

"हो."

"मी म्हणालो, तुम्ही दात बघा."

"हो बाबा."

"तुम्ही बरोबर होतात, मी चुकलो." त्यांनी आरसा परत केला. "बॅग आत ठेवा. दोन्ही बॅगा. एवढं माझं ऐका."

मुलगी रडायला लागली. धाकटे भाऊ उगाचच छताकडे बघायला लागले. मी अहवाल लिहायला घेतला, कारण अशा वेळी मला दुसरं काही करता येत नाही. लिहिलं: पंखांचे बारा बोल्ट, दांडी लांब, गाळलेल्या पत्र्यामुळे, नवे नट घेऊन सर्व पुन्हा बसवणे. मुद्दाम केलेला बिघाड आढळला नाही. शेपटीच्या पन्नास बोल्टांपुढे मी लिहिलं, योग्य. मग पेन थांबलं. ड्रॉइंगमध्ये नसलेल्या वॉशराचं कारण द्यावं लागतं. मी लिहिलं, बांधणाऱ्यांनी जागेवर तपासून घातले. बांधणाऱ्यांनी, असं अनेकवचनी.

"सही?" घड्याळजींनी विचारलं.

"पंधरा दिवसांनी. बोल्ट लावून ठेवा."

मला वाटलं, आता शेडला कुलूप. माणूस फळ्यांवर बसला होता, खांदे पडलेले. पवनचक्की आणि होडी मला दारातून दिसत होती, आणि मला वाटतं सगळ्यांनाच दिसत होती.

वहिनींनी उंबरठा ओलांडला. खिळ्यावरचा एप्रन काढून दोनदा झटकला. धूळ उडाली, मला शिंक आली. त्या विमानावर चढल्या आणि आत दिसेनाशा झाल्या. आतून पाना आपटल्याचा आवाज आला.

घड्याळजी सावकाश उठले. त्यांनी नवा नट घेतला, नटाखाली वॉशर घातला, आवळत गेले. कटक झालं.

अकरा वर्षं ते या आवाजानंतर पुढच्या बोल्टाकडे वळत आले होते. आता ते वळले नाहीत. पाना हातात धरून तसेच उभे राहिले आणि विमानाच्या पत्र्याला कान लावला.

"अगं," ते म्हणाले, "फिरतोय का?"

आत पाना बोल्टच्या डोक्यावर बसल्याचा आवाज आला.

"फिरतोय," वहिनी म्हणाल्या.

घड्याळजींनी नट सोडला. डब्यातून एक वॉशर काढला, सवयीनं तळहातावर जोखला, आणि खिडकीतून हात घालून आत दिला.